दारूचं दुकान रविवारी बंद ठेवावं की बाजाराच्या दिवशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बचत गटाच्या बैठकीत, ग्रामसभेत, एसटीची वाट बघत उभं असताना मराठवाड्यात दारूच्या दुकानाबद्दल लोक जे विचारतात, ते प्रश्न इथे उत्तरांसह दिले आहेत. मी बचत गटांसोबत काम करते. माझी बाजू ठरलेली आहे आणि ती खाली दिसेलच. कायद्याच्या गोष्टी मात्र आहेत तशा मांडल्या आहेत.

महाराष्ट्रात रविवारी दारूची दुकानं बंद असतात का?

नाही. देशीचं दुकान, वाईन शॉप, बिअर शॉपी, परमिट रूम सगळं रविवारी उघडं असतं. बंद राहतात ते ड्राय डे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे त्यातले सगळ्यांना माहीत असलेले दिवस. आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी हेही असतात. निवडणुकीत मतदान संपायच्या वेळेआधीचे ४८ तास विक्री बंद ठेवावी लागते, ती लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार. याशिवाय जिल्हाधिकारी जयंती, मिरवणूक, विसर्जन अशा प्रसंगी आपापल्या जिल्ह्यापुरता आदेश काढतात.

दर आठवड्याला ठरलेल्या वारी दुकान बंद, असा नियम आपल्याकडे दारूसाठी नाही.

मग रविवार बंदची मागणी आली कुठून?

मुळात ती ख्रिस्ती देशांतली. रविवार हा तिथे चर्चचा दिवस, म्हणून त्या दिवशी दारू विकायची नाही, असे कायदे झाले. अमेरिकेत काही राज्यांत ते अगदी आतापर्यंत टिकले होते. मिनेसोटात दुकानातली रविवारची विक्री २०१७ मध्ये सुरू झाली, इंडियानात २०१८ मध्ये. जॉर्जियाने २०११ मध्ये निर्णय त्या त्या गावावर सोडला, लोकांनी मतदान करून ठरवावं असं म्हटलं. आपल्या कामाचा भाग मला त्यातला हा शेवटचा वाटतो.

आपल्याकडे केरळमध्ये दर महिन्याची १ तारीख कोरडी असते. त्यामागचं कारण धर्माचं नाही, पगाराचं आहे. पगार हातात पडतो त्या दिवशी दुकान बंद. हा विचार मला पटतो, आणि मराठवाड्याच्या खेड्यात तो लावायचा तर पगाराच्या तारखेच्या जागी बाजाराचा वार येतो.

म्हणजे रविवारी दुकान बंद ठेवायला तुमचा विरोध आहे?

शहरात कुणी रविवार बंद मागत असेल तर विरोध नाही. पण खेड्यासाठी रविवार हा चुकीचा वार आहे. रविवार ही कचेरीची, शाळेची, बँकेची सुट्टी. सोयाबीन काढणाऱ्या बाईला, कापूस वेचणाऱ्या बाईला, विहिरीवर काम करणाऱ्या गड्याला रविवार असा वेगळा नसतो. त्यांचा आठवडा बाजारापासून बाजारापर्यंत. एका गावाचा बाजार सोमवारी, शेजारच्या गावाचा गुरुवारी, तालुक्याचा शनिवारी. मजुरीचा हिशोब बाजाराला, दुकानाची उधारी बाजाराला, लेकरांच्या चपला बाजाराला, डॉक्टरकडे जायचं तेही बाजाराला. सरसकट रविवार बंद केला तर गुरुवारच्या बाजारात दुकान उघडंच राहणार आणि ज्या बाईसाठी हे सगळं करायचं तिच्या हाती काही लागणार नाही.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. ज्या गावात आठवडी बाजार भरतो, तिथलं देशी-विदेशी दारूचं दुकान बाजाराच्या वारी पूर्ण दिवस बंद ठेवावं.

बाजाराच्या दिवशी असं काय वेगळं होतं?

बाजारच्या गावात एक दिवस नुसतं बसून बघा.

सकाळी दहाच्या सुमाराला काळी-पिवळी जीप भरून येते. टपावर शेळी, कोंबड्यांची डालगी, मिरच्यांची पोती. नवरा-बायको एकत्र उतरतात. नवरा शेळी घेऊन एकीकडे जातो, बायको भाजीच्या ओळीत पाल टाकून बसते. शेळीचा सौदा दुपारी होतो. रोख रक्कम त्याच्या बंडीच्या खिशात जाते. मुकादम किंवा शेताचा मालक आठवड्याची हजेरीही इथेच चुकती करतो, तीही बहुतेक गड्याच्या हातात, कारण घरातल्या दोघांची मजुरी एकदमच द्यायची पद्धत आहे. बाईने स्वतः केलेल्या खुरपणीचे पैसेही असे तिच्या हातात न येता त्याच्या खिशात पडतात. देशीचं दुकान बाजारतळापासून हाकेच्या अंतरावर. चारच्या सुमाराला ती बाई पाल गुंडाळून त्याला शोधायला निघते. हातात कापडी पिशवी, त्यात अजून तेल नाही, साखर नाही, लेकराचं औषध नाही. दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत जाते, पण आत जात नाही. बाहेर उभी राहून कुणाच्या तरी पोराला सांगते, "आत आमचे मालक हायेत का बघ रे."

हे दृश्य एका गावाचं नाही. अंबड, गेवराई, कळंब, औंढा, मुखेड कुठल्याही भागातल्या बायकांना विचारा. हाळी-हंडरगुळीसारख्या जनावरांच्या बाजारात तर रक्कम आणखी मोठी असते. तिथे बैलजोडी विकणारा माणूस वर्षाचा पैसा अंगावर घेऊन फिरत असतो.

जून २०२५ मध्ये राज्य सरकारने उत्पादन शुल्क वाढवलं, तेव्हा देशीच्या १८० मिलीची किमान किंमत ८० रुपये ठरली. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी ३१२ रुपये होती. दोन क्वार्टर म्हणजे १६० रुपये, दिवसाच्या मजुरीचा निम्म्याहून जास्त भाग. आणि बाजारात माणूस एकटा पीत नाही. मित्राला पाजतो, मित्र त्याला पाजतो.

पिणारा आदल्या दिवशी घेऊन ठेवील. मग बंदचा उपयोग काय?

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो आणि विचारणारे बहुतेक शहरातले असतात. घरात कपाट आहे, खिशात पगार आहे, तो माणूस बाटली आणून ठेवतोच. त्याला बंदचा काही त्रास नाही. देशीवर जगणाऱ्या मजुराकडे आदल्या दिवशी पैसेच नसतात. पैसे येतात बाजाराच्या दुपारी. त्या दुपारी दुकान बंद असलं तर पैसे निदान घरापर्यंत जातात. घरी गेल्यावर ते बायकोच्या डब्यात पडतील की दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात जातील, हे घराघरावर आहे. पण तेल-मीठ आणि औषध तोवर घेऊन झालेलं असतं. मला एवढंच हवं आहे.

एक दिवस बंद ठेवल्याने जग बदलतं असं मी म्हणत नाही. स्वीडनमध्ये दारूची किरकोळ विक्री जवळपास सगळी सरकारी दुकानांतून होते. तिथे १९८१ च्या उन्हाळ्यात शनिवारी दुकानं बंद ठेवून पाहिली, आणि पुढच्या वर्षी ते कायम केलं. नंतर २००० मध्ये काही भागांत शनिवारी पुन्हा उघडून पाहिलं, २००१ पासून देशभर उघडलं. विक्री थोडी वाढली, आभाळ कोसळलं नाही. रविवारी ती दुकानं आजही बंदच असतात. म्हणजे एका दिवसाच्या बंदचा परिणाम असतो, पण मर्यादित असतो. मला वाटतं, आपल्याकडे तो जास्त जाणवेल, कारण रोख पैसा आणि दुकान एकाच दिवशी एकाच जागी समोरासमोर येतात.

शेजारच्या गावात दुकान उघडं असेल की. तिकडे जातील.

काही जण जातील. पण बाजारात बायको सोबत असते, सामान सोबत असतं, परतीची जीप ठरलेली असते. आठ-दहा किलोमीटर दुसरीकडे जाऊन पिणं आणि बाजारतळाच्या कोपऱ्यावर पिणं यांत फरक आहे. नुसतं चव चाखायला म्हणून आत शिरणारा गडी एवढी तंगडतोड करत नाही.

पूर्ण दिवस कशाला? सकाळी बंद, संध्याकाळी चालू ठेवलं तर?

हा मधला मार्ग दुकानदार सुचवतात. मला तो धोक्याचा वाटतो. संध्याकाळी सहाला दुकान उघडणार हे ठाऊक असलं की गडी बाजारात रेंगाळतो. बायकोला म्हणतो, "तू हो म्होरं, मी येतो." शेवटची जीप जाते, तो दुकान उघडायची वाट बघत पारावर बसतो आणि रात्री रस्त्याच्या कडेने चालत किंवा कुणाच्या तरी मोटारसायकलवर तिघांत तिसरा बसून येतो. अर्ध्या दिवसाच्या बंदने पैसा वाचत नाही आणि अपघात वाढायची भीती आहे. ठेवायचं तर पूर्ण दिवस, नाहीतर ठेवू नका.

बंदच्या दिवशी ब्लॅकने विक्री होते, हातभट्टी वाढते. त्याचं काय?

होतं हे. लपवून उपयोग नाही. ड्राय डेच्या आदल्या रात्री मोटारसायकलवर खोकी बांधून कोण कुठे नेतो, हे गावातल्या शाळकरी पोरांनाही माहीत असतं. पानटपरीच्या मागे, ढाब्याच्या फ्रिजमध्ये, कधी किराणा दुकानाच्या पोत्याआड माल राहतो आणि दुसऱ्या दिवशी चढ्या भावाने विकला जातो. आठवड्याला एक बंद म्हणजे या लोकांना आठवड्याला एक संधी, हा आक्षेप खरा आहे.

हातभट्टीचा प्रश्न त्याहून मोठा आहे. काळा गूळ, नवसागर, आणि त्यात काय काय मिसळलेलं असतं ते गाळणारालाही धड माहीत नसतं. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं मेली. मिथेनॉल पोटात गेलं की आधी नजर जाते, मग जीव. स्वस्त मिळते म्हणून हातभट्टी पिणाऱ्याला वाचवायचं तर भट्टीच बंद करावी लागते, दुकान उघडं ठेवून ती बंद होत नाही. दुकान आठवडाभर उघडं असलेल्या गावांतही भट्ट्या चालूच आहेत.

उपाय दोन. पहिला ग्रामरक्षक दल. २०१६ मध्ये दारूबंदी कायद्यात दुरुस्ती करून गावाला अवैध दारूवर लक्ष ठेवणारं दल स्थापण्याचा अधिकार दिला गेला. दल फक्त कागदावर असेल तर शून्य. दलात महिला असतील आणि पोलीस पाटील साथ देत असेल तर फरक दिसतो. दुसरा उपाय पोलिसांच्या हातात. पुन्हा पुन्हा पकडल्या जाणाऱ्या हातभट्टीवाल्याला १९८१ च्या एमपीडीए कायद्याखाली (हातभट्टीवाले, गुंड यांच्या धोकादायक कारवाया रोखण्याचा कायदा) स्थानबद्ध करता येतं. दंड भरून दुसऱ्या दिवशी भट्टी पेटवणाऱ्यावर याचाच वचक बसतो.

आमच्या घरचे रोज पितात. एक दिवस मिळाली नाही तर हात थरथरतात, बडबडतात. बंद ठेवलं तर त्यांना काही होणार नाही ना?

हा प्रश्न बायका मोठ्याने विचारत नाहीत, बैठक संपल्यावर बाजूला घेऊन विचारतात. म्हणून सविस्तर लिहिते.

वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली तर पहिल्या दिवसातच हात थरथरणं, घाम, उलटी, झोप न येणं, चिडचिड सुरू होऊ शकते. काहींना एक-दोन दिवसांत फिट येते. काहींना दोन-तीन दिवसांनी भास होतात. भिंतीवर किडे दिसतात, कुणी मारायला आलंय असं वाटतं, ताप चढतो, माणूस जागा ओळखत नाही. ही अवस्था जिवावर बेतते. याला भूतबाधा समजून देवर्षीकडे नेऊ नका, खोलीत कोंडू नका. सरळ ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात न्या आणि डॉक्टरांना रोज किती पितात, शेवटची केव्हा घेतली हे खरं सांगा. लाजेपोटी लपवलं तर उपचार चुकतो. १०८ ला फोन केला तर रुग्णवाहिका येते.

एका दिवसाच्या बंदने बहुतेकांना असं काही होत नाही. पण ज्याला दारू चुकली की थरथर सुटते त्याचा प्रश्न दुकानाच्या वेळापत्रकाचा राहिलेला नाही, तो आजारी आहे. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतं. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या बैठका मोठ्या शहरांत होतात आणि त्यांना पैसे लागत नाहीत.

मारहाण होत असेल तर ११२ किंवा महिलांसाठीची १८१. दारूच्या नशेत मारलं म्हणून ते माफ होत नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा नशेतल्या नवऱ्यालाही लागू आहे.

सरकारचा महसूल बुडणार, म्हणून हे होणारच नाही. खरं का?

दारूवरच्या करातून राज्याला हजारो कोटी मिळतात. २०२५ च्या शुल्कवाढीतून वर्षाला १४,००० कोटींची जादा भर पडेल असा सरकारचा अंदाज होता. तेव्हा ही आडकाठी खरी आहे.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. एकीकडे म्हणतात, बंदचा उपयोग नाही, लोक दुसऱ्या दिवशी तेवढीच पितील. दुसरीकडे म्हणतात, बंद ठेवलं तर महसूल बुडेल. दोन्ही एकदम खरं कसं असेल? लोक दुसऱ्या दिवशी तेवढीच पीत असतील तर कराचा एक रुपया कमी होणार नाही. महसूल कमी झाला तर त्याचा अर्थ दारू कमी खपली, आणि बाईच्या घरात काही पैसे उरले. तेच तर मागतोय आम्ही. लाडक्या बहिणीला महिन्याला १५०० रुपये देणाऱ्या सरकारला तिच्याच घरातून बाजाराच्या दिवशी किती परत घेतले जातात, याचाही हिशोब मांडता यायला हवा.

मी कष्टाच्या पैशाने, कुणाला त्रास न देता घरी बसून घेतो. माझ्यावर सक्ती का?

तुमच्यावर माझा राग नाही. आठवड्यातले सहा दिवस तुम्हाला मोकळेच आहेत.

कायद्याचं म्हणाल तर, दारूच्या धंद्याला इतर धंद्यांसारखा मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने खोडे डिस्टिलरीजच्या खटल्यात १९९४ मध्ये स्पष्ट केलं. राज्यघटनेचं ४७ वं कलम तर मादक पेयांवर बंदीसाठी राज्याने झटावं असं सांगतं. आणि आपल्या राज्यात पिण्यासाठी परवाना लागतो, हे किती जणांना माहीत असतं? एका दिवसाचा परवाना देशीसाठी २ रुपयांना, विदेशीसाठी ५ रुपयांना मिळतो. कडक दारूसाठी वय २५, सौम्य बिअरसाठी २१. दारू हा आधीपासूनच अटींचा व्यवहार आहे. त्यात बाजाराच्या दिवसाची एक अट वाढली तर कुणाचं स्वातंत्र्य हिरावलं जातं असं मला वाटत नाही.

मग संपूर्ण दारूबंदीच का मागत नाही?

कारण जिल्हाभर बंदीचा अनुभव सरळ नाही. वर्धा, गडचिरोलीत बंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये केली, २०२१ मध्ये उठवली. बंदी करणं एक आणि ती पाळून घेणं दुसरं. मराठवाड्यात तर नांदेडची देगलूर-बिलोलीची बाजू तेलंगणाला लागून, उदगीर-निलंग्याकडून बीदर जवळ. पलीकडून माल येणं, शिंदी येणं हे कोण रोखणार?

गावापुरती बंदी मात्र लोकांच्या मताने करता येते आणि ज्या गावात बायका एकजुटीने उभ्या आहेत तिथे ती करावी, असंच मी सांगते.

उभी बाटली, आडवी बाटली म्हणजे नेमकं काय? किती सह्या, किती मतं लागतात?

२००८ च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी, किंवा एकूण मतदारांपैकी, किमान २५ टक्क्यांनी सह्या करून दुकान बंद करण्याची मागणी करायची. राज्य उत्पादन शुल्क विभाग सह्यांची पडताळणी करतो. मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन बाटल्या छापलेल्या. दुकान चालू ठेवायचं तर उभी, बंद करायचं तर आडवी.

इथे अनेक गावं एका गोष्टीवर अडतात. मतदानाला आलेल्यांपैकी निम्मी मतं पुरत नाहीत. यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला हवीत. समजा गावात ८०० महिला मतदार आहेत. सह्या २०० लागतील. मतदानाला ५०० बायका आल्या, त्यातल्या ३९० जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तरी दुकान चालूच राहील, कारण हवी होती ४०१. घरी बसलेली प्रत्येक बाई, सासरी गेलेली पण यादीत नाव राहिलेली प्रत्येक लेक, मयत होऊनही नाव न वगळलेली प्रत्येक म्हातारी उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. म्हणून सह्यांच्या आधी मतदार यादी घेऊन बसा आणि नावं दुरुस्त करून घ्या. या कामाला कंटाळू नका.

आमच्या गावच्या निम्म्या बायका ऊसतोडीला जातात. मतदान कधी मागावं?

हा मराठवाड्याचा खास प्रश्न आहे आणि बीड, जालना, परभणीच्या बायकांनी तो सगळ्यात आधी विचारायला हवा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या उचल घेऊन निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. या काळात मतदान लागलं तर ज्यांच्या घरात दारूचा त्रास सर्वांत जास्त, त्याच बायका फडात कोयता चालवत असतात. त्यांची गैरहजेरी, वर सांगितल्याप्रमाणे, दुकानाच्या पथ्यावर पडते.

तेव्हा सह्या पाडवा झाल्यावर गोळा करा, अर्ज लगेच द्या, आणि पडताळणी-मतदान दसऱ्याच्या आत व्हावं असा लेखी आग्रह अर्जातच धरा. विभागाकडून तारीख पुढे ढकलली गेली तर ग्रामसभेचा ठराव घेऊन कारण लेखी मागा. मुकादमाला उचल देऊन जोडपी लवकर हलवायला सांगण्याचे प्रकार होऊ शकतात, त्यावर नजर ठेवा.

किराणा आणि सुपरमार्केटमध्ये वाईन विकणार होते, त्याचं काय झालं?

जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने १,००० चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायला मान्यता दिली होती. विरोध झाला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि निर्णय अमलात आला नाही. माझा याला विरोध आहे. जिथे बाई निर्धास्तपणे तेल-साबण घ्यायला जाते ती एक जागा तरी तशीच राहू द्या.

दुकानात काम करणाऱ्या पोरांना आठवड्याची सुट्टी मिळते का?

१९४८ च्या दुकाने कायद्यात दुकानं आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावी लागत. २०१७ च्या नव्या कायद्याने ती सक्ती गेली आणि सुट्टी कामगाराला द्यायची, दुकान चालू राहिलं तरी चालेल, असं झालं. तो कायदा सुरुवातीला दहा किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनेला लागू होता, २०२५ मध्ये ती मर्यादा वीसवर नेली, आणि खेड्यातल्या देशीच्या दुकानात दोन-तीन पोरं असतात. बाजाराचा बंद झाला तर त्यांनाही आपल्या घरचा बाजार करता येईल.

छत्रपती संभाजीनगरात काय करायचं?

शहरात एक बाजार नाही. जाफरगेटला रविवारी, छावणीत गुरुवारी, चिकलठाण्याला शुक्रवारी भरतो. वाळूज, शेंद्र्याच्या कारखान्यांचा पगार बँकेत जमा होतो. अख्ख्या शहराला एक वार लावण्यात अर्थ नाही. बाजारतळाच्या जवळची दुकानं त्या त्या वारी बंद ठेवता येतील, आणि जाफरगेटच्या बाबतीत तो वार योगायोगाने रविवारच आहे. सोसायटीतल्या नव्या वाईन शॉप, बिअर शॉपीला सोसायटीची ना-हरकत लागेल, अशी घोषणा मार्च २०२५ मध्ये विधानसभेत झाली. शहरातल्या महिलांनी तिचा पाठपुरावा करावा.

बाजाराच्या दिवशी बंद ठेवायला आजच्या कायद्यात जागा आहे का?

आहे, अरुंद आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या कलम १४२ खाली सार्वजनिक शांततेसाठी दुकान ठरावीक वेळी किंवा ठरावीक काळ बंद ठेवण्याचा लेखी आदेश जिल्हाधिकारी देऊ शकतात. मिरवणुकांचे आदेश याच कलमातून निघतात. म्हणजे "दारू वाईट आहे" एवढं लिहून भागत नाही. बाजाराच्या दिवशी दुकानामुळे भांडणं, छेडछाड, अपघात होतात हे दाखवावं लागतं. कायमचा नियम हवा असेल तर परवान्याच्या अटीतच तो घालावा लागेल आणि ते सरकारच्या हातात आहे. त्यासाठी आमदाराला विधानसभेत प्रश्न विचारायला लावा.

अर्ज कसा करावा, सोबत काय जोडावं?

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे, प्रती राज्य उत्पादन शुल्क अधीक्षक आणि पोलीस ठाण्याला. आधी महिला ग्रामसभेत ठराव घ्या, मग तोच मुख्य ग्रामसभेत मंजूर करून ग्रामसेवकाकडून सही-शिक्क्याची नक्कल घ्या. बाजारतळापासून दुकान किती अंतरावर आहे, वाटेत शाळा, बसथांबा, देऊळ काय लागतं याचा हाताने काढलेला साधा नकाशा जोडा.

पुराव्यासाठी माहितीचा अधिकार वापरा. पोलीस ठाण्याला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज द्या आणि मागच्या दोन वर्षांत बाजाराच्या वारी नोंदवलेल्या अदखलपात्र तक्रारी, दारू पिऊन गोंधळ घातल्याच्या कारवाया, त्या रस्त्यावरचे अपघात यांची तारीखवार माहिती मागा. इतर वारांचीही मागा, म्हणजे फरक दिसेल. उत्तर ३० दिवसांत यायला हवं, नाही आलं तर वरिष्ठ अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करता येतं. माहिती हातात आली की ती अर्जाला जोडा, आणि अर्ज आवक-जावकला देऊन पोच घ्या. शिष्टमंडळात किमान एक बाई अशी असू द्या जी बाजारात स्वतः पाल टाकून बसते.